रडली तर

पद्मजा चौसाळकरला रुग्ण ओळखत नसत. भूल देणाऱ्या डॉक्टरचं तसंच असतं. झोपण्याआधी दोन मिनिटं रुग्ण त्यांचा चेहरा बघतो, तोही अर्धा मास्कमागं, आणि शुद्धीवर येतो तेव्हा आभार मानायला समोर सर्जन उभा असतो. पद्मजाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तिचे वडील महसूल खात्यात कारकून होते. साहेबाच्या सहीखाली जाणारा कागद बिनचूक लिहिणं, यातच त्यांनी आयुष्यभर समाधान मानलं. मुलीनं घाटीत, शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टरकी केली, जालना रोडवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात भूलतज्ज्ञ म्हणून लागली, आणि वडिलांसारखंच, नाव दुसऱ्याचं आणि काम आपलं, अशी वीस वर्षं तिथं काढली. तिच्या हातून कुणी दगावलं नव्हतं. केसपेपरवर तिचं अक्षर मोत्यासारखं असायचं.

दोन हजार तेरा सालचा मार्च. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. जायकवाडीच्या तळाची माती उघडी पडली होती. बीड बायपासला रोज एक नवी इमारत उभी राहत होती, आणि त्याच रस्त्यानं टँकर रांगेनं धावत होते. दवाखान्याची बोअर जानेवारीतच आटली होती. वॉर्डात पिण्याच्या पाण्याचा एक माठ, दिवसातून दोनदा भरायचा; रुग्णामागं एक बाटली.

त्या महिन्यात अपेक्षा आली. सात वर्षांची, पाचोडच्या पुढल्या एका गावची. जन्मापासून डावा खुबा वाटीतून निसटलेला, पण घरच्यांना वाटायचं, पोर जरा लचकत चालते, मोठी झाली की सुधारेल. सोबत आजी होती, साळूबाई. बाप बद्रीनाथ टँकर चालवायचा, त्याला उसंत नव्हती. आई मोसंबीची वाळलेली झाडं तोडायच्या कामावर.

ऑपरेशन मोठं होतं. विश्वजित हा दवाखान्याचा तरुण सर्जन, हाताचा फार चांगला. त्यानं खुबा उघडून हाडाचा गोळा जागेवर बसवला, मांडीचं हाड कापून थोडं आखूड केलं, वरचं कमरेचं हाडही कापून वळवलं. मग छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. पद्मजानं पाठीच्या तळाशी, माकडहाडाजवळ एक इंजेक्शन दिलं होतं, लहान मुलांना देतात तसं. त्याचा असर पाच-सहा तास टिकतो. पुढच्यासाठी तिनं केसपेपरवर इंग्रजीत, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, नेहमीची ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच होता: रडली तर दुखण्याचं औषध द्या.

दुसऱ्या दिवशी पद्मजानं फेरी मारली. पोर डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

"काही त्रास?"

साळूबाईच बोलली, "न्हाई न्हाई. गुणाची हाये माझी बाय. आवाज बी काढला न्हाई."

पद्मजानं लिहिलं, शांत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई, वॉर्डातली जुनी आया, अंग पुसायला गेली आणि तशीच थिएटरच्या दाराशी आली. "मॅडम, जरा इकडं या. पोरीला काय चावलंय बघा."

पद्मजा गेली. केसरबाईनं चादर बाजूला केली होती. पोरीच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूनं, लहान लहान अर्धगोल वण होते. काही निळे पडलेले, काही त्यांच्यावरच पुन्हा उठलेले, ताजे. दोन ठिकाणी कातडी फाटली होती. उंदीर, असं पद्मजाच्या मनात आलं. मग तिनं त्या अर्धगोलांची रुंदी बघितली, आणि पोरीच्या तोंडात समोर एक दुधाचा दात पडल्यामुळं राहिलेली फट. प्रत्येक वणात ती फट होती.

ती खाली वाकली. "तुला दुखत होतं?"

पोरीनं आजीकडं बघितलं.

"अगं, दुखत होतं तर रडायचं नाही का?"

"रडल्यावर तहान लागती," पोर म्हणाली.

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "मीच सांगितलं व्हतं, डॉक्टरीणबाई. गावाकडं लेकरांना सांगतोच आमी. रडलं की पाणी मागतंय, अन् हितं बाटली येकच. मला काय ठावं, येवढं दुखत आसंल म्हनून? ती बोललीच न्हाई."

पद्मजानं केसपेपर काढला. सहा पाळ्यांच्या सहा सिस्टरांनी सहा वेळा प्रामाणिकपणे लिहिलं होतं: रडत नाही, औषध दिलं नाही. चूक कुणाची म्हणायची? सगळ्यांनी तिच्या ओळीप्रमाणंच केलं होतं. हाडं दोन ठिकाणी कापलेलं लेकरू दीड दिवस आपलेच हात चावत पडलं होतं, आणि कागदावर ते शांत होतं.

तिनं स्वतः औषध भरलं, स्वतः दिलं. तासाभरानं पोर झोपली. पद्मजा तिच्या उशाशी बसून राहिली. विश्वजित मध्ये येऊन गेला. "मॅडम, असं होतं कधी कधी. ऑपरेशन उत्तम झालंय." त्याचंही खोटं नव्हतं.

पाच दिवसांनी बद्रीनाथ टँकरच्या केबिनमध्ये लेकीला आडवी घालून घेऊन गेला. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला यायचं होतं. ते आले नाहीत. दिलेला फोन बंद लागायचा. पद्मजानं आणखी दोन आठवडे वाट पाहिली आणि मे महिन्याच्या एका रविवारी, नवऱ्याला पैठणला पैठणी बघायला जाते असं सांगून, ती गाडी काढून त्यांच्या गावी गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा जळाऊ लाकडासारख्या उभ्या. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गेली की समदी. मामाच्या गावाला. तिकडं पानी हाय म्हनं."

"कुठलं गाव?"

"शेवगावकडं कुटंतरी. नाव नाय ठावं."

"आणि मुलीचं प्लास्टर?"

"व्हतं की आंगावर. तशीच उचलून नेली."

पद्मजानं गाडी वळवली आणि परत आली.

त्यानंतर काहीतरी तिच्या मागं लागलं. रडणारी पोरं तिला बरी वाटायची. वॉर्डात एखादं लेकरू हंबरडा फोडत असलं की ती सुटकेचा श्वास घ्यायची. भीती वाटायची ती गप्प पोरांची. ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाची चादर ती बाजूला करायची आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून बघायची. सिस्टरांना वाटायचं, मॅडम सलाईनची सुई तपासतात. ज्या बेडवर अपेक्षा होती, तो खिडकीकडून तिसरा. त्याच्या जवळून जाताना तिला, बेड रिकामा असला तरी, कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटायचं, आणि तिचाही श्वास तिथं अडायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

घरीही सुटका नव्हती. तिची मुलगी स्वराली तेव्हा अकरावीत होती. एकदा दुपारी ती अभ्यास करता करता सोफ्यावर झोपली. जागी झाली तर आई शेजारी गुडघ्यांवर बसून तिच्या मनगटाकडं बघतेय.

"आई, काय बघतेस?"

"काही नाही."

"तू परवापण असंच बघत होतीस. मला भीती वाटते गं."

पद्मजा उठून स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा वार नव्हता, नळ कोरडा होता. तरी तिनं तो उघडला आणि तशीच उभी राहिली.

केसपेपरवरची ओळ तिनं दुसऱ्याच दिवसापासून बदलली होती. रडो न रडो, दर सहा तासांनी औषध. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, हे तिला कळत होतं. खुब्याचं दुखणं तोंडी औषधाला पुरतं दाद देत नाही. खुब्याकडं जाणारे मज्जातंतू ते दुखणं वर पोचवतात; तिथंच, वाटेतच, ते अडवायला हवं. मोठ्या शहरांत सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ते मज्जातंतू बधिर करतात, असं तिनं वाचलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती हैदराबादला शिबिराला गेली. बाकी सगळी पोरं तिशीच्या आतली, कातडीवर टेकवायचा यंत्राचा दांडा, प्रोब, खेळण्यासारखा फिरवणारी. पद्मजाला पहिले दोन दिवस पडद्यावर नुसता राखाडी चिखल दिसला.

मग हळूहळू दिसायला लागलं. जांघेत काळं, गोल, धडधडतं, ती धमनी. तिच्या बाहेरच्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा तिरपा तुकडा, तो मांडीचा मज्जातंतू. त्याच्यावरून गेलेला पांढरा, ताणलेल्या दोऱ्यासारखा पडदा. औषध त्या पडद्याच्या खाली गेलं पाहिजे. वर राहिलं तर वाया गेलं. शिकवणारे सर म्हणाले, "मोठ्यांत हाड हा तुमचा मैलाचा दगड. पांढरी रेघ, खाली काळोख. लहान मुलांत त्यावर विसंबू नका. त्यांचं हाड अजून हाड झालेलं नसतं, कूर्चा असते. यंत्राच्या ध्वनिलहरी आरपार जातात. आणि सगळं कातडीच्या अगदी जवळ असतं. सुई दोन मिलिमीटर पुढं गेली तर गेली."

परत आल्यावर मशीन मिळवायला आठ महिने गेले. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळं सोनोग्राफीचं यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं तरी परवानगी लागते. पद्मजानं वडिलांच्या चिकाटीनं अर्ज लिहिले, फेऱ्या मारल्या. कायद्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तो कशामुळं करावा लागला, ते या जिल्ह्यातल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरावासाठी ती शहागंजच्या मागं एका मटणाच्या दुकानात गेली. जन्मात मांसाला न शिवलेली बाई नाकाला पदर न लावता म्हणाली, "बकऱ्याची मागची तंगडी द्या. खुब्यासकट. तोडू नका."

"दावत है क्या, मॅडम?"

"नाही. त्यात सुई मारून बघायची आहे."

दुकानदार कुरेशीभाई तंगडी कागदात गुंडाळताना म्हणाले, "कोई बच्चे के वास्ते है?" पद्मजानं होकारार्थी मान हलवली. तंगडी कुठल्या बाजूनं धरली की सांधा वर येतो, ते त्यांनी तिला उलगडून दाखवलं. त्या वर्षी ती तिथं पंधरा-वीस वेळा गेली असेल.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मिळालेल्या जुन्या यंत्रावर, ती तास-तास सराव करायची. विचित्र एकच होतं. प्रोब जरा वर सरकवला की खुब्याच्या वाटीची कड पडद्यावर यायची, पांढरी, अर्धगोल, मध्ये एखादी फट. ती दिसली की पद्मजाचा हात थांबायचा. ते हाड आहे, हे तिला माहीत होतं. तरी दर वेळी आधी दात दिसायचे, मग हाड.

दोन हजार एकोणीसपर्यंत तिनं तीनशेहून जास्त मुलांना असं इंजेक्शन दिलं होतं. तोवर चिकलठाण्याच्या पुढं माळावर नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि शहरात पाणी पाच-सहा दिवसांनी यायला लागलं होतं. पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा टँकर.

मे महिन्यात ओपीडीतून विश्वजितनं तिला बोलावलं. "खुबा निसटलेलाच. पाच वर्षांची आहे. घरात आधी एकीला होता म्हणतात."

बाकावर साळूबाई होती. केस पूर्ण पांढरे, पाठ वाकलेली. मांडीवर एक टपोऱ्या डोळ्यांची पोर, धाकटी नात ईश्वरी, चप्पल हवी म्हणून भांडत होती. आणि शेजारी तेरा वर्षांची अपेक्षा. शाळेचा ड्रेस, पूर्ण बाह्या.

पद्मजानं अपेक्षाच्या पायाकडं बघितलं. "प्लास्टर... प्लास्टर कुणी काढलं होतं?"

साळूबाईनं ओळखलं नव्हतं. "बापानंच. टँकरच्या तळाला ऱ्हायलेल्या पान्यात भिजवून भिजवून, कातरीनं. चालती की आता. जरा वडती पाय, पर चालती."

घरात एकीला हा दोष असला की पुढच्या बाळाचा खुबा दीड महिन्याचं असतानाच सोनोग्राफीनं बघायचा असतो. तेव्हा सापडला तर नुसत्या पट्ट्यांवर भागतं, सुरीला हात लावावा लागत नाही. हे त्यांना प्लास्टर काढायच्या दिवशी सांगायचं होतं. तो दिवस आलाच नव्हता. म्हणजे दुसरीचंही आपल्याच खात्यात, असं पद्मजाला वाटलं. विश्वजितला ते पटलं नसतं. तिनं त्याला सांगितलंच नाही.

ऑपरेशनच्या सकाळी ईश्वरी भुलीत गेल्यावर पद्मजानं प्रोब ठेवला. तिनं तो उचलला, मनात दहा आकडे मोजले, पुन्हा ठेवला. काळी गोल धडधड. पांढरा दोरा. त्याच्या वरच्या अंगानं, जांघेच्या घडीच्या वर, सुई तिरपी आत गेली. पडदा ताणला, फट् करून सुटला, आणि औषध त्याच्या खाली काळ्या पाण्यासारखं पसरत गेलं, मज्जातंतूला उचलून धरत. मग पोरीच्या वजनाला बसेल एवढं उरलेलं औषध. वर पांढरी अर्धगोल कड दिसत होती. तिनं नजर तिच्यावर जाऊ दिली नाही.

दुपारी ईश्वरी वॉर्डात शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "हे काढा माझ्या आंगावरचं. मला पारले पायजे." सिस्टर हसल्या. पद्मजानं तिचे हात बघितले. मग अपेक्षाला म्हणाली, "ये, तुला दाखवते काय केलं ते." यंत्रात साठवलेलं चित्र तिनं पडद्यावर काढलं. ही रक्ताची वाट, ही नस, हे औषध.

अपेक्षा बराच वेळ बघत राहिली. "आन् दुखणं कुटं दिसतं?"

"ते नाही दिसत."

अपेक्षानं मान डोलावली. मग पद्मजा एका दमात बोलली. की तुला मीच भूल दिली होती; तुझं औषध माझ्या चुकीनं राहिलं; तू किती सोसलंस ते मला तिसऱ्या दिवशी कळलं; मी तुमच्या घरी आले होते, कुलूप होतं. सहा वर्षं मनात घोटलेली वाक्यं मिनिटभरात संपली.

"मला नाय आठवत," अपेक्षा म्हणाली.

खरंच आठवत नव्हतं, की ही पोर पुन्हा तेच करत होती? पद्मजानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहरा शांत होता. त्या शांतपणावर विश्वास कसा ठेवायचा, हेच तर तिला सहा वर्षांत उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पद्मजा वॉर्डाच्या दाराशी पोचली तेव्हा अपेक्षा सिस्टरच्या टेबलापाशी उभी होती. सिस्टर सांगत होत्या, "अगं, ती खेळतेय बघ. औषधाला अजून अर्धा तास आहे."

"आता द्या."

"रडत नाहीये ना ती."

"म्हनूनच म्हनते, आता द्या," अपेक्षा म्हणाली, आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. सिस्टर उठल्या. पद्मजा दारातूनच मागं फिरली. आपल्याला उत्तर मिळालं, हे तिला कळलं. ते मिळाल्यानं हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

या वेळी ती माणसं तारखेला आली. ईश्वरीचं प्लास्टर निघालं, पाय काडीसारखा झाला होता, पण महिनाभरात ती भिंत धरून चालायला लागली. विश्वजितनं अपेक्षाचाही एक्स-रे काढला. गोळा चपटा झाला होता, सांधा वयाआधी झिजणार होता. आज काही करायची घाई नाही, पण पुढं कधीतरी लागेल, असं त्यानं समजावलं. "बरं," अपेक्षा म्हणाली. पद्मजानं एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. "कधीही कर. काही नसलं तरी कर." चिठ्ठीची घडी कंपासपेटीत गेली.

पावसाळा आला, गेला. फोन आला नाही. पद्मजानं वाट बघणंही सोडून दिलं होतं. जानेवारीतल्या एका दुपारी ती जेवायला बसत होती, तेव्हा अनोळखी नंबर वाजला. पलीकडं टँकरच्या इंजिनाची घरघर होती, बापाचा फोन असावा. कुणी बोलेना. पद्मजानंही ठेवला नाही.

"मॅडम," शेवटी आवाज आला. "मी अपेक्षा. दुखतंय."

पद्मजानं ताट सरकवलं. "कुठं दुखतंय, बाळ?"

"खुब्यात. मांडीतून खाली गुडघ्यापर्यंत येतं. लई दुखतं."

"कधीपासून?"

पुन्हा इंजिनाची घरघर. "पयल्यापासूनच," अपेक्षा म्हणाली, आणि मग ती सांगत गेली. शाळेचा जिना चढताना कसं होतं, पाणी भरून आणलं की कुठं कळ निघते, खाली बसलं की उठताना काय धरावं लागतं. मध्येच तिचा आवाज फुटला. पद्मजानं तिला थांबवलं नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ती एकेक गोष्ट लिहून घेत राहिली, आणि अपेक्षाचं सगळं सांगून झाल्यावरच तिनं विश्वजितच्या ओपीडीचा वार सांगितला, आणि तिकडून पैठणमार्गे येणारी सकाळची गाडी किती वाजता निघते, ते विचारलं.